पहिला मोहोर खुडावा!

शाळेच्या आवारात आंब्याचे कलम लावले, की विद्यार्थ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "याला आंबे कधी लागणार?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर नीट समजून घेतले, तर आपण झाडाला घाई करणार नाही, असे मला वाटते.

कोय रुजवून वाढविलेल्या आंब्याला पहिला मोहोर येण्यास साधारणपणे ६ ते १० वर्षे लागतात. सफरचंदाचे बी लावले, तरी जवळजवळ तितकीच वाट पाहावी लागते. सीताफळ मात्र ३-४ वर्षांतच फळते. प्राण्यांप्रमाणे झाडांनाही बाल्यावस्था असते. त्या काळात कितीही खतपाणी घातले, तरी ते फुलत नाही. मुळे, खोड आणि फांद्या वाढविण्यातच त्याची शक्ती खर्च होते.

मग फुलण्याची वेळ झाली, हे झाडाला कसे कळते? पानांत तयार झालेला एखादा पदार्थ शेंड्याकडे जाऊन फुले आणीत असावा, अशी कल्पना चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९३६ च्या सुमारास मांडली. त्या पदार्थाला 'फ्लोरिजेन' हे नाव मिळाले. तो पदार्थ म्हणजे 'एफ-टी' नावाचे एक प्रथिन आहे, हे सिद्ध व्हायला २००७ साल उजाडले. त्यापूर्वी, १९९५ मध्ये, वायगेल व निल्सन या शास्त्रज्ञांनी फुले घडविणारे एक जनुक अ‍ॅस्पेन या वृक्षात सतत कार्यरत ठेवले. एरवी कित्येक वर्षांनी फुलणारा हा वृक्ष काही महिन्यांतच फुलला! पण त्याचे वाढते शेंडेच फुलांत संपले आणि पुढची वाढ खुंटली. बाल्यावस्था ही वाया जाणारी वर्षे नव्हेत, हे या प्रयोगाने फार चांगले दाखविले.

कलमाची गोष्ट निराळी. कलमाची काडी फळे देणाऱ्या झाडावरून घेतलेली असते. ती बाल्यावस्था ओलांडून आलेली असते आणि कोवळ्या खुंटावर बांधली तरी पुन्हा लहान होत नाही. जुनागढच्या ज्या आंब्याला १९३४ मध्ये 'केसर' हे नाव मिळाले, त्याच वाणाच्या काड्या पिढ्यान् पिढ्या कलमांवर चढत आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीडच्या बागांत पोहोचल्या आहेत. म्हणूनच कलमाला कधी कधी रोपवाटिकेतल्या पिशवीतच मोहोर येतो. वरचा भाग प्रौढ आणि खालची मुळे मात्र तान्ही, अशी ही जोडी असते.

येथेच आपली कसोटी लागते. दोन वर्षांच्या कलमावर चार कैऱ्या धरल्या, तर पानांत तयार झालेली साखर मुळांकडे जाण्याऐवजी कैऱ्यांकडे ओढली जाते. मराठवाड्यात ही चैन परवडणारी नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना-औरंगाबाद भागातील मोसंबीच्या कितीतरी बागा वाळून गेल्या. आपल्या मुरमाड जमिनीत झाड तगते ते खोल गेलेल्या मुळांच्या जोरावर. म्हणून पहिली तीन वर्षे कलमाचा मोहोर खुडून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर काही शिक्षक म्हणतील, "मुलांचा हिरमोड होईल. फळ दिसले नाही, तर ती झाडाला पाणी घालणार नाहीत." ही अडचण खरी आहे. पण खुडलेला मोहोर फेकून का द्यावा? तो वर्गात आणावा. भिंगाखाली नर फुले कोणती आणि द्विलिंगी फुले कोणती, ते ओळखून मोजावे. द्विलिंगी फुलाच्या मधोमध इवलासा हिरवट-पिवळा अंडाशय दिसतो. फळ धरू शकते ते त्याच फुलात. हजारो फुलांच्या मोहोरातून हाती मोजकेच आंबे का येतात, हे पुस्तकापेक्षा ही मोजणी चांगले शिकवील.

याहून चांगला मार्गही आहे. इयत्ता पाचवीच्या मुलांनी जूनमध्ये आंबा खाऊन ताजी कोय थेट कायमच्या जागीच लावावी. कोय वाळली, की तिची उगवणशक्ती लवकर जाते. जागेवरच उगवलेल्या रोपाचे सोटमूळ न दुखावता सरळ खाली जाते. सहावीच्या पावसाळ्यात जाणत्या माळ्याकडून त्यावर केसरची काडी बांधून घ्यावी. सातवी, आठवी आणि नववीत आलेला मोहोर खुडावा व नोंदवहीत मांडावा. दहावीच्या परीक्षेनंतर, मे महिन्याच्या सुट्टीत, त्याच मुलांना पहिली फळे चाखता येतील.

आणि एक रोप कलम न करता तसेच वाढू द्यावे. आंब्याची कोय बहुधा आईसारखे झाड देत नाही. त्याचे फळ आंबट निघेल, दोरे असलेले निघेल, किंवा कदाचित अप्रतिम निघेल. केसर काय किंवा हापूस काय, कधीकाळी अशा एखाद्या कोयीतूनच उगवले असणार. सगळेच कलमे लावू लागले, तर नवा वाण येणार कोठून? या झाडाचे फळ ते लावणाऱ्या मुलांना शाळेत असताना मिळणार नाही, हे खरे. ते त्यांच्या धाकट्या भावंडांना मिळेल. शाळेच्या झाडाकडून याहून अधिक काय मागावे?