हत्ती स्वस्त झाला, चारा नाही

माझा एक मामेभाऊ चौदा वर्षे कुवेतमध्ये नोकरी करून कायमचा कोकणात परतला. मुलीचे लग्न ठरलेले होते. लग्नाच्या दोन महिने आधी त्याने आठ वर्षे जुनी, परदेशी कंपनीची मोठी एसयूव्ही घेतली. नवी असताना पाऊण कोटीच्या आसपास किंमत, त्याला मिळाली 19 लाखांत. “एवढ्या पैशांत शोरूममध्ये काय मिळते ते बघून या,” असे तो भेटेल त्याला सांगायचा. मोहल्ल्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

लग्न पार पडले. पहिल्याच पावसात एका सकाळी गाडी मागच्या बाजूने खाली बसलेली दिसली. एअर सस्पेन्शन गेले होते. खर्चाचा अंदाज आला 4 लाख 10 हजार. ते काम होते न होते तोच गिअरबॉक्स झटके देऊ लागला. वर्षभरात सात लाख गेले. आज ती गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे आणि भाऊ स्कूटरवरून बाजाराला जातो. “माझे नाव घालू नकोस, पण लिही,” असे तोच म्हणाला. म्हणून लिहितो आहे.

तो याला नशीब म्हणतो. माझे म्हणणे असे की, हे नशीब नाही, साधा हिशेब आहे. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पाऊण कोटीची गाडी 19 लाखांना मिळाली तरी तिचा कॉम्प्रेसर, तिचे दिवे, तिचा गिअरबॉक्स हे पाऊण कोटीच्याच गाडीचे राहतात. पहिल्या मालकासाठी चार लाखांची दुरुस्ती म्हणजे गाडीच्या किमतीच्या पाच-साडेपाच टक्के. माझ्या भावासाठी तीच दुरुस्ती पाचव्या हिश्श्याहून जास्त. शिवाय पहिला मालक वॉरंटी संपताना गाडी विकतो, म्हणजे मोठा खर्च जवळ आला की गाडी आपल्या दारात येते. बाजाराने तो खर्च आधीच किमतीतून वजा केलेला असतो. आपण त्या वजाबाकीला ‘सौदा’ समजतो. दारी हत्ती झुलावा ही हौस जुनी आहे. हत्ती आता स्वस्त झाला, चारा झालेला नाही.

या गाड्या वाईट असतात असे मी म्हणत नाही. आराम, ताकद, सुरक्षितता, सगळे खरे आहे. पण ज्या गोष्टींमुळे त्या आरामदायी होतात, त्याच वयाबरोबर थकतात. रेंज रोव्हर, मर्सिडीजची जीएलएस, ऑडीची क्यू-7 अशा गाड्यांत लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेने फुगणाऱ्या रबरी पिशव्यांचे सस्पेन्शन मिळते. रबर वयाने तडकते, हवा गळते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि शेवटी तोही जातो. गिअरबॉक्सचेही तसेच. बीएमडब्ल्यू आणि लँड रोव्हरच्या अनेक गाड्यांत जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स असतो. त्याचे तेल ‘आयुष्यभराचे’ म्हणून विकणाऱ्याकडून सांगितले जाते. पण खुद्द झेडएफ ते 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. पहिल्या मालकाने ते बदललेले नसते, कारण कुणी त्याला सांगितलेले नसते.

आणखी एक उदाहरण बीएमडब्ल्यूच्या एन-47 या डिझेल इंजिनाचे. ते एक्स-1 आणि एक्स-3 मध्येही आले. त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या पाठीमागे, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे. ती घासली की बदलण्यासाठी बहुतेक वेळा इंजिनच खाली उतरवावे लागते. म्हणजे सुटा भाग एका किमतीचा आणि तिथपर्यंत पोहोचण्याची मजुरी त्याहून मोठी. याच कंपनीचे एन-63 हे आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन इतके तेल पिऊ लागले की, 2014 मध्ये अमेरिकेत कंपनीला त्या गाड्यांसाठी खास दुरुस्ती-मोहीम काढावी लागली.

आपल्यातल्या अनेकांचा गैरसमज आखातात तयार होतो. तिथे वाळवंटात वीस-वीस वर्षे धावणाऱ्या टोयोटाच्या लँड क्रूझर आपण पाहिलेल्या असतात. 1951 पासून चालत आलेले हे घराणे जगभरच्या मदतसंस्था दुर्गम भागात वापरतात. त्यामागचे कारण साधे आहे. टोयोटा त्या गाडीत बदल हळूहळू करते आणि जुने, पारखलेले भाग वर्षानुवर्षे चालवते. 200 मालिकेची लँड क्रूझर 2007 पासून 2021 पर्यंत बाजारात होती. ते पाहून आपण ठरवतो की, मोठी आणि महाग गाडी म्हणजे टिकाऊ गाडी. ही उडी चुकीची आहे. महाग असणे आणि टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोयोटाही चुकत नाही असे नाही. इंजिनात कारखान्यातला धातूचा चुरा राहिल्यामुळे 2024 मध्ये तिला अमेरिकेत टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून लाखभर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. शिवाय आखातात शारजासारख्या ठिकाणी जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा प्रचंड बाजार आहे. रत्नागिरीत किंवा लातुरात तो नाही.

“पण या गाड्या आता इथेच बनतात ना?” असे विचारले जाते. ऑडीची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला होते, मर्सिडीजची चाकणला. 2024 मध्ये रेंज रोव्हरची जुळणीही पुण्याजवळ सुरू झाली आणि नव्या गाडीची किंमत बरीच खाली आली. पण जुळणी म्हणजे निर्मिती नव्हे. महत्त्वाचे भाग पेट्यांतून परदेशातून येतात. सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला हे चांगलेच, पण चार लाखांच्या बिलात त्याने तीसेक हजारांचा फरक पडतो. मूळ दुखणे जागेवरच राहते.

आणि विमा? यंत्र झिजून बंद पडले तर साधा विमा काही देत नाही. अपघात झाला तर वेगळाच पेच. विम्यात गाडीची किंमत दरवर्षी उतरवली जाते. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की, गाडी पूर्ण नुकसानीत काढली जाते. नव्या गाडीला जो अपघात किरकोळ, तोच जुन्या आलिशान गाडीला संपवू शकतो, कारण दोन दिवे, एक बंपर, चार एअरबॅग आणि रडार एवढ्यानेच आकडा तिथवर जातो.

यात आपल्याच लोकांच्या रोजीरोटीचा एक प्रश्न दडलेला आहे. कुर्ल्यापासून मिरजेपर्यंत गाड्या दुरुस्त करणारे कितीतरी उस्ताद मुस्लिम आहेत. आवाज ऐकून बिघाड सांगणारी ही माणसे. पण या गाड्यांपुढे त्यांचे हात बांधले जातात. नवा भाग बसवला तरी कंपनीच्या संगणकाने त्याला ‘ओळख’ दिल्याशिवाय तो चालत नाही. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला, तो नेमका यासाठी की त्या बाहेरच्या गॅरेजना सुटे भाग आणि तपासणीची साधने मिळू देत नव्हत्या. त्या यादीत परदेशी होत्या, तशा देशीही होत्या. प्रकरण पुढे अपिलांत अडकले. 2022 मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून संकेतस्थळ काढले, त्यात वाहनेही आहेत. पण बंधनकारक कायदा नसेल तर उस्तादाला त्याचा काय उपयोग? जोवर हे कुलूप उघडत नाही, तोवर वॉरंटी संपलेल्या गाडीचा मालक कंपनीच्या दरपत्रकाचा कैदी असतो. ही मागणी आपल्या संघटनांच्या अजेंड्यावर मी कधी पाहिली नाही. ती असायला हवी.

आता विकणाऱ्यांविषयी. जुन्या गाड्यांच्या धंद्यातही आपली माणसे पुष्कळ आहेत, म्हणून हे स्पष्ट बोलायला हवे. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना 2015 मध्ये हरित लवादाने बंदी केली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या महागड्या डिझेल गाड्या पडत्या भावात आपल्याकडे येत आहेत. बारा महिन्यांवर ठेवायची तर इथे पुन्हा नोंदणी आणि इथला कर भरावा लागतो, हे गिऱ्हाईकाला किती जण सांगतात? जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली. अशा पुरात बुडालेल्या गाड्या लिलावातून पुन्हा बाजारात येतात. आलिशान गाडीत वायरिंग आणि नियंत्रण-पेट्या जमिनीलगत, सीटखाली असतात. वरून गाडी चकचकीत, आतून गंज.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा शोधणाऱ्या पैगंबरांची (स.) हदीस आपण लहानपणी मदरशात ऐकलेली असते. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी त्या व्यापाऱ्याला विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही हे बजावले. फिकहमध्ये दोष लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क गिऱ्हाईकाला आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. दुकानावर कुराणाची आयत लावणाऱ्याने गिअरबॉक्सचा झटका लपवू नये, एवढी अपेक्षा जास्त नाही.

गाडी घेणे हराम नाही आणि ऐपत असलेल्याने ती जरूर घ्यावी. पण ऐपत म्हणजे घेण्याची नव्हे, ठेवण्याची. माझा साधा नियम असा आहे की, जुन्या आलिशान गाडीच्या किमतीचा निदान चौथा हिस्सा पहिल्याच वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर त्या गाडीकडे वळूनही पाहू नये. घ्यायचीच असेल तर चासी क्रमांकावरून कंपनीच्या सेवा केंद्रातला सगळा इतिहास आणि विम्याचे जुने दावे तपासावेत. एअर सस्पेन्शन उंच करून गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी चारी कोपरे पाहावेत. विकणारा रात्रभर ठेवू देत नसेल, तर उत्तर मिळालेच. आणि एवढ्याच पैशांत येणारी नवी, साधी, वॉरंटीतली गाडी एकदा तरी समोर ठेवून बघावी.

इसराफ म्हटले की आपल्याला लग्नातली बिर्याणी आठवते. ती एका दिवसात संपते. ही गाडी वर्षानुवर्षे खाते. माझ्या भावाने चौदा वर्षे उन्हात उभे राहून जे कमावले, त्यातले 26 लाख त्या ताडपत्रीखाली आहेत. धाकट्या मुलाची इंजिनीअरिंगची फी भरायला परवा त्याने गाडी विकायला काढली. व्यापाऱ्याने पाच लाख सांगितले. भावाने त्याला गिअरबॉक्सचे सगळे खरे सांगून टाकले, तेव्हा तो साडेतीनवर आला. “नुकसान झाले,” भाऊ मला फोनवर म्हणाला, “पण माझ्यानंतर जो घेईल, त्याला कळून घेऊ दे.”