बेटांवरचं फोटो वर्कशॉप: आधी ठरवा, सहल की भांडवल?



मागच्या आठवड्यात एक तरुण आमच्या खारेपाटणच्या दुकानात आला. लग्नाचे फोटो काढतो, हात चांगला आहे. मोबाईलवर जाहिरात दाखवली: जहाजाने लक्षद्वीप, पाच दिवस, सोबत फोटोग्राफीचं वर्कशॉप. प्रवास धरून खर्च ७५ हजार. म्हणाला, "दादा, मुद्राचं शिशू लोन काढतो, ५० हजारांपर्यंत मिळतं. बाकीचे घरून घेतो. जाऊ ना?"

माझं मत सरळ आहे. हौस म्हणून, स्वतःच्या शिलकीतून जायचं तर खुशाल जा. पण धंद्याचं भांडवल समजून, तेही कर्ज काढून, पहिल्या वर्षी जाऊ नका.

आधी माझी चूक ऐका

काही वर्षांपूर्वी मीही असाच अंदमानला एका वर्कशॉपला गेलो होतो. दुकानाच्या डीप फ्रीजरसाठी ठेवलेले पैसे त्यात घातले. शिकणारे अठरा, शिकवणारा एक. सगळे एकाच किनाऱ्यावर, एकाच सूर्यास्ताकडे कॅमेरा लावून उभे. परत आलो तेव्हा अठरा जणांकडे तोच फोटो होता.

मी तो मोठा करून दुकानात लावला. गावातल्या एक मावशी बघून म्हणाल्या, "बरो आसा रे फोटो. पण सोलां खय आसत?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझ्या गिऱ्हाइकाला कोकम, काजू, मालवणी मसाला बघायचा होता. त्याचा एकही धड फोटो माझ्याकडे नव्हता. फ्रीजर आणखी एक सीझन लांबला.

हिशोब कागदावर मांडा

समजा, प्री-वेडिंगच्या एका ऑर्डरमागे खर्च जाऊन तुमच्या हातात ३ हजार राहतात. ७५ हजार वसूल व्हायला २५ ऑर्डर लागतील. त्याही नेहमीच्या नव्हेत, या वर्कशॉपमुळे जास्तीच्या मिळालेल्या. लोनचं व्याज वेगळं.

दुसरी गोष्ट, सीझन. बेटांवर जायचे चांगले महिने आणि लग्नाचे महिने जवळपास तेच, पाऊस संपल्यापासून मेपर्यंत. जाऊन-येऊन आठ दिवस गेले तर त्या मुहूर्तांच्या ऑर्डर दुसऱ्याकडे जाणार.

तिसरी गोष्ट, कर्जाची. लेन्स किंवा कॉम्प्युटर घेतला तर अडचणीत विकता येतो. सहल विकता येत नाही.

उजेड कोणाच्या वेळापत्रकाने?

लक्षद्वीपच्या जहाजी सहलीत साधारणपणे रात्र जहाजावर आणि दिवस बेटावर असतो. जहाज खोल पाण्यात थांबतं, छोट्या बोटीने बेटावर नेतात आणि संध्याकाळी परत आणतात. फोटोला चांगला उजेड कधी? सूर्योदयानंतर आणि सूर्यास्ताआधी तासभर. म्हणजे तेव्हा तुम्ही डेकवर असण्याची शक्यता जास्त, आणि भर दुपारच्या उन्हात बेटावर. जहाज तुमच्यासाठी थांबत नाही.

आपल्या दारातली बेटं

उष्ण कटिबंधातलं बेट हवं ना? मालवण उष्ण कटिबंधातच आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, ते किनाऱ्यावरून समोर दिसतं. सकाळी मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहा, सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि तटबंदीवर सरळ उजेड पडतो. संध्याकाळी त्याच जागेवरून किल्ल्याची आणि होड्यांची काळी आकृती मिळते. एकाच जागेवर दोन धडे! देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे पाणी, वाळू, मासेमारी सगळं एका फेरीत येतं.

पाच-सहा जण मिळून एक बोट ठरवा. एखाद्या अनुभवी फोटोग्राफरला दोन दिवसांची फी द्या. बोटीत ट्रायपॉड फारसा कामाचा नाही, कारण बोटच हलते. शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवा. एसी खोलीतून बाहेर आलात की लेन्सवर वाफ धरते, कॅमेरा थोडा वेळ बॅगेतच राहू द्या. घरी आल्यावर गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने बॉडीवरचं मीठ पुसा. लाईफ जॅकेट मात्र प्रत्येकाने घालायचं, फोटोत वाईट दिसलं तरी. पावसाळ्यात किल्ल्याच्या बोटी बंद असतात. आणि किल्ल्यात व्यावसायिक शूटिंग करायचं असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

आता खरी परीक्षा. त्यातले दहा फोटो घेऊन होमस्टेवाल्याकडे जा, बोटवाल्याकडे जा, कोकम सरबत बनवणाऱ्या ताईंकडे जा. विचारा, "असे फोटो तुमच्यासाठी काढले तर किती द्याल?" तिघांनी पैसे मोजले तर तुमचा धंदा सुरू झाला. कोणीच मोजले नाहीत, तर लक्षद्वीपच्या फोटोंनाही इथे गिऱ्हाईक मिळणं कठीण आहे.

मग कधी जायचं?

फोटो विकत घेणारा आधीच ठरलेला असेल, किंवा शिलकीतले पैसे हौसेसाठी बाजूला काढले असतील, तेव्हा जा. बुकिंगआधी एवढं विचारा:

१. एका शिक्षकामागे किती जण?
२. सकाळ-संध्याकाळच्या उजेडात प्रत्यक्ष किती तास बेटावर?
३. माझे फोटो बघून चुका कोण सांगणार, आणि कधी?
४. लक्षद्वीपचा प्रवेश परवाना कोण काढणार?
५. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पैसे किती परत?

उत्तरं तोंडी नकोत, लिहून घ्या.

काही जण म्हणतील, "दादा, मोठं स्वप्न बघायचं नाही का?" बघा ना! आमचं खारेपाटण एकेकाळी बंदर होतं, विजयदुर्गच्या खाडीतून व्यापाराची गलबतं आत यायची. दूर जायला त्या लोकांची ना नव्हती. पण गलबत निघायचं ते माल भरून. तुमच्याकडे आधी माल तयार होऊ द्या.

त्या तरुणाने अजून काही ठरवलेलं नाही. पण जाताना म्हणाला, "दादा, तुमच्या सोलांचे फोटो काढून देतो, फुकट." मी म्हटलं, "काढ. पण बिल लाव."