शिवारातील नवे शेजारी

शहर वाढते म्हणजे काय होते, हे नकाशावर पाहिले तर फार सोपे दिसते. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली अकरा गावे आली, २०२१ साली आणखी तेवीस आली. रेघ पुढे सरकली, इतकेच. परंतु त्या रेघेखालची माणसे, गुरे, विहिरी, पाट आणि पाणंदी सरकारी अधिसूचनेने आपली जागा सोडीत नाहीत. ज्या दिवशी गाव शहरात आले, त्या दिवशीही गाईची धार पहाटेच काढावी लागली आणि शेणखत शेतातच टाकावे लागले. हद्दीच्या बाहेर, मुळशी, मावळ, हवेली, भोर या तालुक्यांत, तर रेघ पोहोचण्यापूर्वीच बंगल्यांच्या वसाहती जाऊन पोहोचल्या आहेत.

आमच्या वाचकांच्या घरांत हा विषय परका नाही. वडील माणसे निवृत्त झाली, मुलांच्या हाती चार पैसे आले, जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत तीन पिढ्या मावेनाशा झाल्या, म्हणजे 'बाहेर कोठे थोडी जागा घ्यावी' हे बोलणे जेवणाच्या पानावर हटकून निघते. ही इच्छा स्वाभाविक आहे व तिची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. मात्र त्या बोलण्यात डोंगर दिसतो की नाही, रस्ता पक्का आहे की नाही, भाव काय आहे, या सर्वांची चर्चा होते. बांधापलीकडच्या शेतात जो मनुष्य राबतो, त्याच्याविषयी क्वचितच एखादा शब्द निघतो. आजचा आमचा विषय तो मनुष्य आहे.

नव्याने राहावयास गेलेल्यांची गाऱ्हाणी बहुधा ठरलेली असतात. पावसापूर्वी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्याचा धूर घरात शिरतो. गोठ्याचा वास येतो. ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवितात, तेव्हा वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते. शेतीची वीज पुष्कळ ठिकाणी पाळीपाळीने व अनेकदा रात्रीच मिळते. त्यामुळे मध्यरात्री पंप सुरू होतो, माणसे बॅटऱ्या घेऊन बांधावरून फिरतात व कुत्री भुंकत राहतात. शेतकऱ्याचीही गाऱ्हाणी आहेत, फक्त ती आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. आजोबांच्या वेळेपासून ज्या वाटेने बैलगाडी जात होती तिच्यावर एके सकाळी तारेचे कुंपण दिसते. पाण्याचा पाट 'नुसता खड्डा' समजून बुजविला जातो. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर खोल बोअर घेतले जाते व विहिरीचा झरा आटतो. वसाहतीचे सांडपाणी उताराने उभ्या पिकात येते. या दोन्ही बाजूंपैकी कोणीही खोटे बोलत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कारण एकाला लबाड ठरवून तंटा सुटत असता, तर तो केव्हाच सुटला असता.

अशा तंट्यात पहिला प्रश्न निघतो तो 'आधी कोण आले?' हा. जो आधीपासून आहे त्याचा पक्ष बळकट, ही आपली साधी समजूत. ती बहुतांशी योग्य आहे. परंतु पुरेशी नाही. ती कोठे अपुरी पडते हे दाखविणारा एक निकाल अमेरिकेतील ॲरिझोना संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली दिला. तो कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे; पण गृहस्थाश्रमी माणसांनीही समजून घ्यावा असा आहे.

फीनिक्स शहराच्या पश्चिमेला चौदा-पंधरा मैलांवर १९११ च्या सुमारापासून शेती होती आणि १९५६ सालापासून मांसासाठी गुरे पुष्ट करण्याचा एक मोठा गोठा होता. डेल वेब या गृहबांधणीच्या व्यावसायिकाच्या कंपनीने १९५९ साली जवळच सुमारे वीस हजार एकर शेतजमीन घेतली आणि केवळ निवृत्त वृद्धांसाठी 'सन सिटी' नावाची वसाहत वसविण्यास आरंभ केला. जमीन स्वस्त मिळाली, कारण ती शहरापासून दूर व शेतीच्या मुलखात होती. घरे गोठ्याकडे सरकत गेली, गोठाही घरांकडे वाढत गेला. १९६७ साली कंपनीने दावा आणला तेव्हा गोठ्यात वीस ते तीस हजार जनावरे होती व दररोज दहा लाख पौंडांहून अधिक ओले शेण पडत होते. माश्या व दुर्गंधी यांमुळे वृद्धांना अंगणात बसणे अशक्य झाले.

न्यायालयापुढे पेच होता. गोठा आधीचा, तेव्हा नंतर येऊन नाक मुरडणाऱ्या कंपनीची तक्रार ऐकावी तरी का? परंतु ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घरे घेतली, त्या शेकडो वृद्धांचे आरोग्य कसे नजरेआड करावे? न्यायालयाने असा निवाडा दिला की रहिवाशांच्या हितासाठी गोठ्याने तेथून हलावे. मात्र ज्या कंपनीने शेतीच्या मुलखातील स्वस्ताईचा लाभ घेऊन एवढी माणसे तेथे आणून बसविली, तिने गोठा हलविण्याचा अथवा बंद करण्याचा वाजवी खर्च भरून द्यावा.

या निवाड्यातील मर्म आम्हांस फार मोलाचे वाटते. शेतकरी व नवा रहिवासी हे दोघेच भांडत असतात, म्हणून वाद त्या दोघांचाच आहे असे आपणांस वाटते. वास्तविक त्या दोघांना एकमेकांच्या शेजारी आणून बसविणारा तिसरा कोणी असतो. त्याने जाहिरातीत हिरवे शेत छापलेले असते. शेतातील धूर, वास व रात्रीचा पंप छापलेला नसतो. नफा घेऊन तो पुढच्या गावी गेलेला असतो, आणि मागे बांधावर दोन अनोळखी कुटुंबे एकमेकांकडे रागाने पाहत उभी असतात. दोघांना जवळ आणण्याची जी किंमत आहे, ती ज्याने त्यातून लाभ मिळविला त्याने सोसावी, हा न्याय आपल्याकडील वसाहतींनाही लागू करण्याजोगा आहे. पाटाला नळी घालणे, गाडीवाट मोकळी ठेवणे, सांडपाण्याची व्यवस्था लावणे, हे सर्व पहिले घर विकण्यापूर्वी त्याच्याकडून झाले पाहिजे. व ते झाले आहे की नाही हे गिऱ्हाइकाने विचारले पाहिजे.

फ्रान्समध्ये हाच तंटा एका कोंबड्याच्या निमित्ताने देशभर गाजला. ओलेरों बेटावर सुटीसाठी येणाऱ्या एका जोडप्याने शेजारच्या मॉरिस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्याविरुद्ध दावा लावला. २०१९ च्या सप्टेंबरात न्यायालयाने तो फेटाळला व उलट वादींनाच एक हजार युरो भरपाई द्यावयास लाविले. मॉरिस २०२० साली मेला. पण २०२१ च्या जानेवारीत तेथील संसदेने खेड्यातील आवाज व वास यांना देशाच्या वारशात स्थान देणारा कायदा केला. पुढे २०२४ साली नागरी संहितेतच अशी तरतूद झाली की जो उद्योग शेजारी राहावयास येण्यापूर्वीपासून चालू आहे, कायद्याला धरून आहे व ज्याचा उपद्रव पूर्वीपेक्षा वाढलेला नाही, त्याच्यावर नव्या शेजाऱ्याला दावा सांगता येऊ नये. यातील शेवटची अट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आधी असणे हे संरक्षण आहे. वाटेल तसे वाढत जाण्याचा तो परवाना नव्हे.

ती अट सुटली म्हणजे काय होते, तेही अमेरिकेतच दिसून आले. तेथील पन्नासही संस्थानांत शेतकऱ्याला नव्या शेजाऱ्यांच्या दाव्यांपासून वाचविणारे कायदे आहेत. हेतू हा की लहान शेतकरी कोर्टकचेरीने बुडू नये. परंतु नॉर्थ कॅरोलायनात त्याच कायद्याचा आधार डुकरांच्या प्रचंड कारखानदारीने घेऊ पाहिला. तेथे तक्रार करणारे पुष्कळ जण शहरातून आलेले नव्हते, तर त्या कारखानदारीच्या आधीपासून तेथेच राहणारे गरीब ग्रामस्थ होते. २०१८ साली ज्युरींनी त्यांना भरपाई देवविली. आणि तेथील विधिमंडळाने मात्र अशा दाव्यांची वाट आणखी अरुंद केली. तेव्हा 'शेतकरी' हा शब्द कोण उच्चारतो आहे, हेही पाहावे लागते.

आपल्याकडे स्थिती काय? वाटेच्या व पाण्याच्या बाबतीत आपला कायदा जुना व बराच शहाणा आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे उघडपणे, शांततेने व अखंड हक्काने वापरलेली वाट हा हक्कच होतो. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अडविलेली वाट अथवा पाट मोकळा करून मागता येतो; मात्र सहा महिन्यांच्या आत गेले पाहिजे. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ प्रमाणे शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून वाट देण्याचा निर्णय तहसीलदार करू शकतो. म्हणजे आपण तार ठोकली म्हणून वाट संपत नाही. फक्त शेतकऱ्याला कामधाम सोडून तालुक्याच्या कचेरीत खेटे घालावे लागतात, आणि ते खेटे तो आपणांस विसरत नाही.

येथे एक नाजूक गोष्ट बोलणे भाग आहे. आमच्या वाचकांतील कित्येक घराण्यांच्या जमिनी १९४८ च्या कूळकायद्याने व १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळांकडे गेल्या. त्याची हळहळ ओसरीवरच्या गप्पांतून अजूनही ऐकू येते. परंतु ती आठवण एकट्या आपल्याकडेच नाही. शहरात राहून खंडापुरते गावी येणारा मालक गावानेही पाहिलेला आहे. आज आपण मोटारीतून उतरून त्याच शिवारात कुंपण घालतो, तेव्हा बांधापलीकडच्या म्हाताऱ्याच्या मनात काय येत असेल, याचा विचार आपण केला पाहिजे. आपला खरेदीखताचा कागद निर्दोष असेल. तरी त्या कागदाला मागची स्मृती आहे.

आणि वासाविषयी बोलावयाचे तर शहराने जरा जपूनच बोलावे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची येथील डेपोत जाऊन पडला. तेथील व फुरसुंगीच्या लोकांनी त्याविरुद्ध पुनःपुन्हा आंदोलने केली. शहराची घाण गावाने इतकी वर्षे हुंगली. गावाच्या शेणखताचा वास चार दिवस सहन करणे त्या मानाने काहीच नव्हे. त्यातून निदान धान्य तरी पिकते.

याचा अर्थ शेतकऱ्याने काहीही करावे असा नाही. वारा घराकडे असताना औषधाची फवारणी करणे धोक्याचे आहे. घरातील लहान मुले व दमेकरी वृद्ध यांची काळजी रास्तच आहे. पाचट जाळण्यापेक्षा ते शेतातच कुजविले तर जमिनीचेही हित होते, हे कृषिखाते सांगत आले आहे. परंतु या गोष्टी पोलिसांत अर्ज देऊन घडत नाहीत. 'उद्या फवारणी आहे, खिडक्या लावून घ्या' असा निरोप ज्या बांधावरून येतो, तेथे तंटा होत नाही. आणि तो निरोप येण्यासाठी आधी ओळख असावी लागते.

म्हणून ज्यांच्या घरी सध्या जागा घेण्याचा विचार चालू असेल, त्यांस आमची काही व्यवहाराची सूचना आहे. जागा एकदाच रविवारी दुपारी पाहू नये. एकदा भर पावसात पाहावी, म्हणजे पाणी कोठून कोठे जाते ते कळेल. एकदा पहाटे पाहावी व एकदा रात्री. सातबारा व फेरफार वकिलाला दाखवावेतच. पण गावनकाशा स्वतः उघडून शिवरस्ता, पाणंद व ओढा कोठून जातात ते बोटाने पाहावे. कुंपण घालण्यापूर्वी वहिवाट कोणाची, हे गावातील दोन म्हाताऱ्यांना विचारावे. वाट आपल्या जागेतून जात असेल तर तेथे भिंत न घालता फाटक ठेवावे. बोअर घेण्यापूर्वी जवळच्या विहिरीच्या मालकाशी बोलावे. घरातील मुलांना उभ्या पिकात शिरू देऊ नये, आणि आपला कुत्रा बांधून ठेवावा. यांपैकी एकाही गोष्टीस पैसा लागत नाही, फाटकाचा सोडून.

वास्तुशांतीच्या निमंत्रणांची यादी घरोघरी फार विचाराने केली जाते. तिच्यात आप्त असतात, कचेरीतील मंडळी असतात, लांबचे व्याही असतात. बांधापलीकडचे घर त्या यादीत पहिले असावे. आणि निमंत्रण पोष्टाने अथवा फोनवरून न धाडता घरातील वडील माणसाने स्वतः जाऊन द्यावे. तेथे ओट्यावर बसून चहा घ्यावा, शेतात या वर्षी काय आहे ते विचारावे, आणि रात्री पाणी धरावयास ते कोणत्या वाटेने जातात, हेही त्याच वेळी समजून घ्यावे.