परसबाग : खरबूज चढवा मांडवावर



अहमदपूर भागातल्या आपल्या कितीतरी आयाबहिणी उन्हाळ्यात दुसऱ्याच्या मळ्यात खरबूज-टरबूज तोडायला जातात. पाट्या भरून गाडीत चढवायच्या आणि दिवस मावळता रोजाचे पैसे घेऊन घरी यायचे. लेकरू विचारते, "माय, आपल्याला?" मालकाने दिले तर एखादे तडकलेले फळ पदरात असते. "मग घरीच का लावत नाही?" असे विचारले की उत्तर ठरलेले, "जागा कुठाय?"

बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर इंग्रजीत निबंध लिहिला. जमीन पुरेशी आहे की नाही हे नुसत्या एकरावर ठरत नाही, तिच्यासाठी भांडवल, अवजारे आणि श्रम किती आहेत यावर ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. ते शेतीधंद्याविषयी बोलत होते, अंगणातल्या वेलाविषयी नव्हे. आणि भूमिहीनांचा प्रश्न वेल लावून सुटत नाही. त्यासाठी १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली लोकांनी सत्याग्रह केला. पण न्हाणीजवळची दोन हात जागा आपली आहे, तिचा विचार करू.

खरबूज जमिनीवर पसरले तर चटईएवढी जागा खाते. उभे चढवले तर भिंतीलगतची वीतभर पट्टी पुरते. फळ ओल्या मातीला टेकत नाही म्हणून सडत नाही, आणि कोंबड्यांची चोच लागत नाही.

नामविस्तार दिनाला, म्हणजे १४ जानेवारीला बी लावले तर भीमजयंतीच्या सुमाराला पहिले फळ हाती येते. थंडीत बी लवकर उगवत नाही. ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे, ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवावे आणि मोड दिसला की लावावे. काळी माती घट्ट बसते, तिच्यात निम्मे शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. जागाच नसेल तर बूड भोकलेला तेलाचा डबा चालतो.

मांडवाला दोन वेळू किंवा बाभळीचे खांब रोवावेत, वर आडवी काठी आणि मधे सुतळीचे जाळे. तूर नुकतीच निघालेली असते. जळणाला आणलेल्या तुराट्यांतल्या चार लांब तुराट्या बाजूला काढल्या तर आधाराला होतात. नुसत्या तुराट्यांवर मात्र भरवसा नको, अवकाळी वारा त्यांना आडवे करतो.

वेल गुडघाभर होईपर्यंत बाजूचे फुटवे खुडावेत. त्यावरचे ठेवावेत, कारण फळाची फुले बाजूच्या फुटव्यांवरच येतात. ज्या फुलामागे बारीक गाठ दिसते ते फळाचे. वस्तीत मधमाशी दिसत नसेल तर सकाळी नऊच्या आत नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्या फुलाला हलकेच लावावे. फळ धरले की पुढे दोन पाने ठेवून शेंडा खुडावा. एका वेलावर तीन-चारच फळे ठेवावीत. हावरेपणा केला तर सगळीच पिचकी राहतात.

लिंबाएवढ्या फळाला कागदी पिशवी घालावी, नाहीतर फळमाशी डंख मारते आणि आत अळ्या होतात. संत्र्याएवढे झाले की जुन्या लुगड्याच्या तुकड्याची झोळी करावी. झोळी मांडवाला बांधायची, वेलाला नव्हे. मी पहिल्या वर्षी वेलालाच बांधली. एका वाऱ्यात वेल शेंड्यापासून खाली सोलून आला, तीन कच्ची फळे गेली. भाजी केली, पण घरात कुणी हौसेने खाल्ली नाही.

पाण्याचे स्पष्ट सांगते. एप्रिलात दोन वेलांना रोज घागरभर पाणी लागते. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. तसे वर्ष असेल तर वेल लावूच नका. आधी लेकरांना पाणी. एरवी तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी साठवावे. साबणाचे घालू नये. बुडाशी पालापाचोळा पसरला की ओल टिकते.

फळाला वास सुटला, देठाभोवती गोल चीर पडली की पाणी कमी करावे. तेव्हा भरपूर पाणी दिले तर फळ तडकते आणि गोडी जाते. पिकलेले खरबूज आपणच देठ सोडून झोळीत पडते. टरबूज तसे सुटत नाही. ते जडही असते, मांडवावर घ्यायचेच तर शुगर बेबीसारखे लहान वाण घ्यावे.

बी राखण्याविषयी पुष्कळ भगिनी विचारतात. बाजारातल्या संकरित फळाचे बी राखू नये, त्यातून तसेच फळ येत नाही. हरा मधू किंवा पुसा शरबती यांचे चालते, पण जवळ शेंदाडाचा वेल नसावा. खरबूज आणि शेंदाड एकाच जातीतले; मधमाशी दोन्हींवर बसते आणि पुढच्या वर्षी मांडवावर फिके, पिठूळ फळ लटकते. पुढच्या अंकात दोडक्याविषयी.