शेवटचे पान

आद्यकवी मुकुंदराजांच्या आणि लांबलचक पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिणाऱ्या दासोपंतांच्या अंबाजोगाईत माझे बालपण गेले. अशा गावातल्या मुलाने ज्ञानेश्वरी वाचावी, हा अण्णांचा आग्रह. मी मात्र भूगोलाच्या पुस्तकात बाबूराव अर्नाळकर दडवून वाचत असे!

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. १९०६ साली जन्मलेल्या या गृहस्थाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड यांना टीकाकारांनी ओसरीवरच बसवले. वाचकांनी मात्र थेट माजघरात नेले.

एकदा वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाचे शेवटचे पानच कोणी फाडलेले! खुनी कोण? मला जेवण गोड लागेना. रात्री कंदिलापाशी हिशेब लिहिणारे अण्णा मान वर न करता म्हणाले, “अरे, तो मुनीम!”

मी गारच पडलो. “तुम्ही वाचलेत?”

“तू झोपलास की वाचतो. भूगोल इतका मन लावून कोणी वाचत नसते, गाढवा!”

“पण पान तर नाही!”

“नसू दे. मुनिमाचे वागणे पहिल्यापासून बघ.”

मला पटेना. मध्यरात्रीपर्यंत आम्ही वाद घातला. तोवर आमचे बोलणे परीक्षेतल्या गुणांपलीकडे कधी गेले नव्हते.

बाबूराव १९९६ साली गेले. अण्णाही आता नाहीत. पुढे त्या पुस्तकाची धड प्रत मला मिळाली. पण तिचे शेवटचे पान मी अजून उघडलेले नाही.

न जाणो, मुनीम निर्दोष निघाला तर?