कृत्रिम सूर्य कुणाच्या शेतात उगवणार?

‘कृत्रिम सूर्य तयार झाला, आता वीज फुकट!’ असे मेसेज आपल्याच ग्रुपवर फिरत आहेत. आमच्या वाशिम जिल्ह्यात रब्बीच्या हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस मध्यरात्री बॅटरी घेऊन शेतात जातो, कारण पंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते. साप-विंचवाची भीती त्याला, बहुतेक वेळा सालगड्याला. त्याला हा मेसेज कसा वाचून दाखवायचा?

मित्रांनो, आपण चिकित्सा करणारी माणसं आहोत. आधी तथ्ये बघू.

फ्युजन म्हणजे अणुसंमीलन. हे विज्ञान खरे आहे, थोतांड नाही. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेत लेझरची २.०५ मेगाज्यूल ऊर्जा देऊन ३.१५ मेगाज्यूल मिळवली गेली. पण ते लेझर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली, हे मेसेजमध्ये नसते. फ्रान्समधल्या इटर प्रकल्पात भारत भागीदार आहे. तिथले मुख्य प्रयोग आता २०३९ वर गेलेत आणि तेव्हाही इटर वीज विकणार नाही. १९५५ साली जिनिव्हात होमी भाभांनी दोन दशकांत मार्ग सापडेल असे भाकीत केले होते. सत्तर वर्षे झाली!

इंधन स्वस्त असले तरी भट्टी स्वस्त नसते. न्यूट्रॉनच्या माऱ्याने भिंती झिजतात, ट्रिटियम भट्टीतच लिथियमपासून बनवावे लागते आणि यंत्र वर्षभर न थांबता चालावे लागते. तो सगळा खर्च बिलात येणारच. मग फुकट कसे?

बाबासाहेबांनी मोजपट्टी आधीच दिली आहे. व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली त्यांनी विजेचा प्रश्न दारिद्र्याशी जोडला. गरिबी हटवायला उद्योग हवेत आणि त्यासाठी वीज स्वस्तही हवी, मुबलकही हवी, ही त्यांची भूमिका होती. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे मागितले. म्हणून ‘फ्युजन कधी येणार?’ एवढेच विचारून आपले भागत नाही. मालकी कुणाची? दर किती? तार कुणाच्या वस्तीपर्यंत? हे आजच विचारायला हवे, कारण मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच एका फ्युजन कंपनीशी वीजखरेदीचा करार करून ठेवला आहे. रांग लागली आहे आणि आपण रांगेत नाही.

‘आपल्याला काय करायचे त्या विज्ञानाशी?’ म्हणणाऱ्यांशीही आमचे भांडण आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत यावर काम चालते. तिथे मालेगाव, रिसोड, मानोऱ्याची पोरे का नसावीत? भौतिकशास्त्र शिका, शिष्यवृत्तीसाठी लढा.

आणि तोवर? २०१८ पासून सरकारदरबारी वाशिम ‘आकांक्षित जिल्हा’ आहे. आमची आकांक्षा साधी आहे: शेताला दिवसा वीज. त्यासाठी नवा सूर्य लागत नाही; रोज उगवणारा पुरतो, इच्छा लागते. ‘थांबा, वेळ येईल’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. आता विज्ञानाच्या नावानेही ऐकणार नाही.

जय भीम!