होडीवरची तार

जूनच्या प्रारंभी सागरी मासेमारीची बंदी लागू झाली, की कोकणपट्टीवरील लहान होड्या ओढून घेऊन शाकारण्याची लगबग सुरू होते. तळ खरवडून रंगविला जातो, इंजिनाची उस्तवार होते, जाळी तुणून घेतली जातात, आणि या साऱ्या बंदोबस्तातून जी एक वस्तू दरवर्षी निसटते ती म्हणजे बॅटरीपासून दिव्यापर्यंत आणि वायरलेसच्या संचापर्यंत गेलेली तार. ती कोणी टाकली, केव्हा टाकली, किती जाडीची टाकली, याची दखल कोणत्याही कागदावर नसते. आणि माझ्या मते लहान यांत्रिक होडीच्या सुरक्षिततेतील आजचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे.

बंदरावर एक तक्रार वारंवार ऐकू येते : ‘वायरलेसवर ऐकू येतं, पण बोलायला बटण दाबलं की संच बंद पडतो.’ दोष बहुधा संचाच्या माथी मारला जातो व तो दुरुस्तीला धाडला जातो. तेथे तो बिनतक्रार चालतो, कारण तो बिघडलेलाच नसतो. पंचवीस वॅटचा व्हीएचएफ संच नुसता ऐकत असताना अर्ध्या अँपियरच्या आसपास विद्युत्प्रवाह घेतो, पण बोलताना तोच पाच ते सहा अँपियर मागतो. आता बॅटरीपासून संच सहा मीटरवर आहे आणि मध्ये घरगुती वायरिंगची एक चौरस मिलिमीटर जाडीची तार आहे असे धरले, तर जाण्यायेण्याचे अंतर बारा मीटर होते, त्या तारेचा रोध सुमारे ०.२२ ओहम भरतो, आणि सहा अँपियरच्या प्रवाहाला वाटेतच सुमारे १.३ व्होल्ट गमवावे लागतात. घरातील २३० व्होल्टांतून एवढी घट झाली तर ती अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक, म्हणजे नगण्य. बारा व्होल्टांतून ती झाली तर दहा टक्क्यांहून अधिक. अर्धी उतरलेली बॅटरी १२.२ व्होल्ट दाखवीत असेल, तर संचापाशी जेमतेम १०.९ व्होल्ट पोहोचतात. आणि असे बहुतेक संच ११.७ व्होल्टांच्या खाली काम करण्यासाठी बनविलेलेच नसतात.

यातील खरा धोका असा की इंजिन चालू असेतोवर हा दोष झाकलेला राहतो. अल्टरनेटर चौदा व्होल्टांच्या आसपास दाब देत असतो, म्हणून वाटेतली गळती सोसूनही संचाला पुरेसे मिळते, बंदरातून निघताना केलेली चाचणी उत्तम पार पडते, आणि तांडेल निश्चिंत होतो. मग बाहेर, किनारा दिसेनासा झाल्यावर, इंजिन बंद पडते. सेल्फ मारून मारून बॅटरी अर्धी होते. आणि ज्या क्षणी मदतीसाठी चॅनेल १६ वर चार शब्द बोलणे प्राप्त होते, नेमक्या त्याच क्षणी वाणी जाते. आपल्याला शोधणाऱ्यांचे बोलणे ऐकू येत असावे आणि उत्तर देता येऊ नये, ही अवस्था काही रुपयांच्या जाड तारेने टळणारी आहे, म्हणूनच ती असह्य वाटते. त्याच बारा मीटरसाठी चार चौरस मिलिमीटरची तार घातली, की घट तीन टक्क्यांच्या आसपास येते. आणि अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकांत महत्त्वाच्या उपकरणांसाठी हीच तीन टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे.

तार जाड असूनही भागत नाही, ती सांध्यावर दगा देते. दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेला एखादा सांधा दोन पावसाळ्यांनंतर उकलून पाहावा : टेपखाली हिरवा जंगाल असतो, तांब्याचे धागे बोटांत भुकटीसारखे तुटतात, आणि आवरण आणखी वीतभर सोलले तरी आतले तांबे काळेच निघते, कारण खारे पाणी धाग्यांच्या फटींतून आत चढत गेलेले असते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक धाग्याला कथिलाची कल्हई असलेली बहुधाग्यांची तार, योग्य हत्याराने दाबून बसविलेला लग, आणि त्यावर आतून डिंक असलेली उष्णतेने आवळणारी नळी. एकधागी भरीव तार तर होडीवर वापरूच नये. इंजिनाच्या थरथरीने ती आतल्या आत मोडते.

बॅटरीविषयीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सेल्फसाठीची बॅटरी आणि दिवे-संचासाठीची बॅटरी यांत शर्यतीचा बैल आणि नांगराचा बैल यांच्याइतके अंतर आहे : पहिलीत पातळ पत्रे पुष्कळ असतात, ती क्षणभर शंभराहून अधिक अँपियर देते, पण वरचेवर खोलवर उतरवली तर लवकर संपते, दुसरीत जाड पत्रे थोडे असतात आणि ती रात्रभर सावकाश देत राहते. दोन्ही कामांसाठी एकच बॅटरी ठेवणे म्हणजे इंजिन रुसले की दिवा आणि वाचा दोन्ही गमावण्याची तजवीज करणे होय. बंदीच्या दोन महिन्यांत बॅटरी होडीतच झापांखाली ठेवू नये; घरी आणून, पाणी पाहून, दरमहा पूर्ण चार्ज करावी, कारण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि मग ती पूर्वपदावर येत नाही. विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवीत असेल तर ती भरलेली समजावी.

फ्यूजबद्दल एवढेच, की तो उपकरणासाठी नसून तारेसाठी असतो, म्हणून त्याची जागा बॅटरीच्या अगदी निकट. संचामागे बसविलेला फ्यूज मधल्या सहा मीटरांत तार घासून पेटल्यास काहीही वाचवीत नाही, आणि फायबरची होडी पेटली तर समुद्रावाचून दुसरा आसरा नसतो.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांच्या संदेशवहन योजनेचा आरंभ झाला. सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपाँडर बसविण्याची ही तरतूद आहे. योजना स्वागतार्ह आहे. परंतु ज्या निमित्ताने सरकारी खर्चाने माणूस प्रत्येक होडीवर चढणार, त्याच निमित्ताने त्याने होडीतील तारही पाहावी, ही माझी मत्स्यव्यवसाय खात्याला आग्रहाची विनंती आहे. त्यास लागणारा वेळ थोडा आहे. इंजिन बंद करावे, दिवे लावून बॅटरी थोडी वापरू द्यावी, मल्टीमीटरच्या सळ्या संचाच्या मागच्या टोकांना लावाव्यात, बोलण्याचे बटण दाबून आकडा वाचावा, मग तोच आकडा बॅटरीच्या टोकांवर वाचावा, आणि दोहोंतील अंतर तारखेसह एका कागदावर लिहून तांडेलाच्या हाती द्यावे. अंतर अर्ध्या व्होल्टाहून अधिक निघाले, तर मच्छीमार सहकारी संस्थेने कल्हईची तार सवलतीत द्यावी आणि नारळी पौर्णिमेपूर्वी तपासणी पुन्हा व्हावी.